बारमाही सर्दी म्हणजे सायनसच का? हातावरच्या ॲलर्जी चाचणीविषयी

रविवारी विहारात वंदना झाली की आमची आरोग्याची बैठक बसते. बीपी मोजून होतो, शुगरच्या गोळ्यांची चौकशी होते, आणि उठता उठता कोणीतरी हमखास म्हणतं, "सिस्टर, मले सायनस हाय." कोणी सांगितलं म्हणून विचारावं तर उत्तर येतं, "मेडिकलवाल्यानं." नाकात बॅटरी धरून कोणी पाहिलेलं नसतं. पण गोळ्या मात्र दोन-दोन, चार-चार वर्षं सुरू असतात.

पोळ्यानंतरची गोष्ट. अकोल्याच्या एका वस्तीतली मावशी प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. हंगामात सोयाबीनच्या थ्रेशरवर मजुरी, एरवी चार घरची धुणीभांडी. पिशवीत सर्दीच्या गोळ्यांची पाकिटं होती आणि नाकात टाकायच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या. ते ड्रॉप ती दोन वर्षं रोज टाकत होती. एका ठिकाणी तिला "सायनसचं ऑपरेशन करून टाका" असं सांगितलं होतं आणि त्यासाठी बचत गटातून कर्ज काढायचं घरी ठरलंही होतं. मला ती म्हणाली, "सिस्टर, कर्ज काढतो, पन मंग नाक मोकळं होईन ना?"

मी तिला ऑपरेशन कर किंवा करू नको असं सांगितलं नाही. तो निर्णय नर्सचा नाही. मी एवढंच विचारलं, "मावशी, तुझं नाक कशानं बिघडते, हे कोणी शोधलं का?" कोणीच शोधलं नव्हतं. ते शोधायची एक साधी चाचणी आहे. हातावर करतात, अर्ध्या तासात होते, तरी आपल्या वस्त्यांमध्ये तिचं नाव फारसं कोणाला माहीत नाही. हा लेख त्या चाचणीवर आहे. ती काय सांगते हे कळलं पाहिजे, आणि काय सांगत नाही हेही.

आधी नाकाचं समजून घेऊ

सायनस हे आजाराचं नाव नाही. कपाळ, गाल आणि डोळ्यांच्या मधल्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. त्या सगळ्यांना असतात. त्यांना सूज आली आणि त्यांची नाकात उघडणारी तोंडं बंद झाली, की त्याला सायनसायटिस म्हणतात.

नाक वर्षभर वाहतं किंवा बंद राहतं, त्याची कारणं वेगवेगळी असतात. लागोपाठ आठ-दहा शिंका, पाण्यासारखं नाक, नाकाला, डोळ्यांना आणि टाळूला खाज, आणि ताप नाही, अशी लक्षणं असली तर ॲलर्जीचा संशय घ्यायचा. घट्ट शेंबूड, गालावर किंवा कपाळावर दाब, वास न येणं हे बारा आठवड्यांच्या वर चाललं तर जुना सायनसायटिस असू शकतो. चुलीचा धूर, मिरचीची पूड, फिनाइलचा उग्र वास यांनीही नाक चुरचुरतं, पण ती ॲलर्जी नसते. नाकाचा पडदा वाकडा असतो, नाकात मऊ गाठी म्हणजे पॉलिप वाढतात. एकाच बाजूने घाण वासाचं पाणी येत असेल तर कधी कधी मूळ वरच्या किडक्या दाढेत निघतं.

आणि एक कारण आपणच तयार करतो. नाक झटक्यात मोकळं करणारे ड्रॉप पाच-सात दिवसांच्या वर टाकले की औषधाचा असर उतरताच नाक आणखी घट्ट बंद होतं. मग पुन्हा ड्रॉप. मावशीच्या नाकाचा अर्धा आजार त्या बाटल्यांमध्येच होता.

चाचणी कशी करतात

ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात चार्ल्स ब्लॅकली नावाच्या डॉक्टरला दर उन्हाळ्यात शिंकांचा त्रास व्हायचा. त्याने स्वतःच्या हाताची कातडी किंचित खरवडून तिथे गवताचे परागकण लावले, तर तिथे खाज सुटली आणि गांधी उठली. हे त्याने १८७३ मध्ये पुस्तकात लिहिलं. तेव्हा 'ॲलर्जी' हा शब्दही नव्हता, तो व्हिएन्नाच्या डॉ. पिर्केनं १९०६ मध्ये दिला. ज्या आयजीई नावाच्या द्रव्यामुळे हे घडतं, ते १९६६-६७ च्या सुमारास सापडलं.

आजची चाचणी त्याच तत्त्वावर आहे. तिला स्किन प्रिक टेस्ट म्हणतात. कोपराच्या खालच्या हातावर आतल्या बाजूने पेनाने खुणा करतात. प्रत्येक खुणेजवळ एका वस्तूच्या अर्काचा थेंब ठेवतात: धुळीतले किडे, झुरळ, बुरशी, गवताचे पराग वगैरे. मग बारीक टोकाच्या लॅन्सेटने थेंबातून कातडीला हलकंसं टोचतात. रक्त येत नाही. पंधरा ते वीस मिनिटं हात न खाजवता बसायचं. ज्याची ॲलर्जी असेल तिथे डास चावल्यासारखी गांधी उठते. ती पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजतात.

यात दोन थेंब पहारेकरी असतात. एक साध्या मिठाच्या पाण्याचा, तिथे काही उठायला नको. दुसरा हिस्टामिनचा, तिथे प्रत्येकाला गांधी उठलीच पाहिजे. मिठाच्या पाण्याच्या खुणेपेक्षा तीन मिलिमीटर किंवा जास्त मोठी गांधी आली तर त्या वस्तूची चाचणी पॉझिटिव्ह धरतात. हिस्टामिनची गांधीच उठली नाही तर त्या दिवशीची सगळी चाचणी बाद.

मी स्वतः यात फसले आहे. ड्युटीवर असताना दरवर्षी भाद्रपदात माझं नाक वाहायचं. शेवटी चाचणीला गेले, पण आदल्या रात्री सर्दीची गोळी घेतली होती. हातावर काहीच उठलं नाही, हिस्टामिनचंसुद्धा नाही. रजा गेली, गाडीभाडं गेलं, आणि इतकी वर्षं इतरांना सूचना देणारी मी मान खाली घालून परत आले.

आपल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट. पुस्तकातल्या फोटोत गोऱ्या कातडीवर लालभडक खूण दिसते. आपल्या सावळ्या-काळ्या हातावर लाली दिसेलच असं नाही. उठलेली गांधी बोटाने चाचपून, तिच्याभोवती पेनाने रेघ काढून मोजायची असते. कोणी लांबून नुसतं पाहून "काही नाही" म्हणत असेल तर "मोजून दाखवा" म्हणायला लाजू नका.

जाण्याआधी

सर्दी-खाजेच्या गोळ्या, म्हणजे सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन, सीपीएम, साधारण सात दिवस आधी बंद लागतात. मेडिकलमधून घेतलेल्या सर्दी-खोकल्याच्या मिश्र गोळ्या आणि औषधांतही हेच असतं, म्हणून पाकीट सोबत न्या आणि दाखवा. दम्याचा पंप आणि नाकाचा स्टेरॉइड स्प्रे बंद करायची गरज नसते. मन शांत राहण्याच्या, झोपेच्या, बीपीच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, आपल्या मनाने एकही बंद करू नका. हातावर खाजेचं मलम लावत असाल तर तेही सांगा.

दमा उसळलेला असताना ही चाचणी करत नाहीत. गरोदरपणी पुढे ढकलतात. मोठी रिॲक्शन फार क्वचित येते, पण येऊ शकते, म्हणून जिथे डॉक्टर हजर आहे आणि ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाताशी आहे तिथेच चाचणी करा. आणि लॅन्सेट तुमच्यासमोर नवी उघडलेली असावी. हे मागणं तुमचा हक्क आहे.

उत्तर कसं वाचायचं

चाचणी फक्त एका प्रश्नाचं उत्तर देते: या वस्तूविरुद्ध तुमच्या शरीराने आयजीई तयार करून ठेवलं आहे का? तेवढंच. पुष्कळ माणसांना हातावर गांधी उठते, पण त्या वस्तूचा त्रास कधीच होत नाही. म्हणून हातावरची खूण आणि तुमची कहाणी जुळली पाहिजे. त्रास कोणत्या महिन्यात होतो, घरात की कामावर, झाडताना की झोपताना, हे लिहून न्या. कहाणी न विचारता नुसता रिपोर्ट पाहून दहा वस्तू बंद करायला सांगितल्या तर सावध व्हा.

उलट बाजूही आहे. सगळे थेंब निगेटिव्ह आले म्हणजे तुम्ही नाटक करता असं होत नाही. ज्या वस्तूचा थेंबच ठेवला नाही तिचं उत्तर येणार कुठून? काही लोकांची ॲलर्जी फक्त नाकाच्या अस्तरात असते, हातावर दिसत नाही. आणि धूर-धुळीने होणारी जळजळ या चाचणीत कधीच दिसत नाही.

सायनसायटिस आहे की नाही, हे तर ही चाचणी सांगतच नाही. त्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञाने दुर्बिणीने नाक आतून पाहावं लागतं, गरज पडली तर सीटी स्कॅन. पण सूज पुन्हा पुन्हा का येते, त्यामागे ॲलर्जी आहे का, हे शोधायला ती उपयोगी पडते. बुरशीमुळे होणाऱ्या एका प्रकारच्या सायनसायटिसमध्ये, जिथे पॉलिप होतात आणि नाकातून चिकट घट्ट घाण निघते, तिथे बुरशीची ॲलर्जी दिसणं निदानाचाच एक भाग आहे. त्या रुग्णाला ऑपरेशन खरंच लागतं. म्हणजे ऑपरेशन वाईट असं नाही, कारण न शोधता केलेलं ऑपरेशन वाईट. ॲलर्जी असेल आणि तिचा इलाज झाला नाही, तर ऑपरेशननंतरही शिंका तशाच राहतात.

वऱ्हाडातली धूळ, महिन्यामागून महिना

पाऊस पडला की नालीकाठी, रेल्वे लाइनजवळ, रिकाम्या प्लॉटवर गाजर गवत म्हणजे काँग्रेस गवत माजतं. हे मूळ अमेरिका खंडातलं तण. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली. अमेरिकेहून आलेल्या गव्हासोबत ते आलं असं मानतात, आणि तिथून देशभर पसरलं. बंगळुरूच्या संशोधकांनी नाकाच्या रुग्णांची हातावर चाचणी केली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांत या गवताच्या परागांची ॲलर्जी दिसली. याच गवताच्या पानांनी हाता-मानेवर खाजेचे चट्टे येतात, पण ती ॲलर्जी वेगळी आणि तिची चाचणीही वेगळी. तिथे पाठीवर पट्टी चिकटवून दोन दिवस ठेवतात, तिला पॅच टेस्ट म्हणतात. नाकासाठी पट्टी आणि कातडीसाठी टोचणी अशी गल्लत होऊ देऊ नका.

मग येते सोयाबीनची सोंगणी आणि थ्रेशर. कुटार उडतं, आणि बाया तोंडाला दुपट्टा बांधून दिवसभर त्यात उभ्या असतात. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात काही ठराविक दिवशी अचानक शेकडो लोकांना दम्याचे झटके येत होते. कारण कळेना. शेवटी कळलं, की ज्या दिवशी बंदरावर सोयाबीन उतरवलं जातं त्याच दिवशी हे घडतं. रुग्णांचं रक्त तपासलं तर सोयाबीनच्या धुळीची ॲलर्जी निघाली, आणि ती मुख्यतः दाण्याच्या टरफलात होती. कोठाराला धूळ अडवणारे फिल्टर बसवले आणि साथ थांबली. आपल्या मार्केट यार्डातल्या हमालांनी आणि थ्रेशरवरच्या बायांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. गोळी खाऊन नव्हे, मालकाने फिल्टर बसवल्यावर ते शहर बरं झालं.

कापसाच्या हंगामात जिनिंग सुरू होतात. अमरावतीकडच्या एका जिनिंगमधल्या भावाची चाचणी निगेटिव्ह आली, तर मुकादम म्हणाला, "तुले काही नाही, कामाले लाग." सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी त्याची छाती आवळायची. ते बिसिनोसिस असू शकतं. कापसाच्या धुळीचा हा फुफ्फुसाचा आजार हातावरच्या चाचणीत दिसत नाही. त्यासाठी कामाआधी आणि कामानंतर फुंकून श्वास मोजावा लागतो. बिसिनोसिस हा कायद्याच्या अनुसूचीत नोंद असलेला आजार आहे, आणि तो आढळला तर कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. निगेटिव्ह रिपोर्ट कामगाराविरुद्ध वापरू देऊ नका.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. धुळीतल्या बारीक किड्यांना ओलावा लागतो, कोरड्या उन्हात ते टिकत नाहीत. पण बंद खोलीत कूलर लावला की त्यांना हवा तो ओलावा मिळतो, आणि ताट्यांमधल्या जुन्या गवतावर बुरशी धरते. वर्षभर गादीत, उशीत, गोधडीत हेच किडे असतात. नालीलगतच्या घरांत झुरळं असतात, त्यांच्या विष्ठेची धूळही ॲलर्जी करते.

पैसे कुठे वाचवायचे

पहिलं पाऊल कान-नाक-घसा ओपीडी. अकोल्याला सर्वोपचार रुग्णालय आहे, अमरावतीला इर्विन. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नाही, पण तिथेही फी बाहेरच्यापेक्षा पुष्कळ कमी असते. चाचणीची गरज आहे का हे तिथेच विचारा, आणि ती कुठे होते, किती थेंबांची, किती रुपयांत, हे आधी ठरवून घ्या.

दोनशे वस्तूंची रक्तचाचणी, हजारो रुपयांचं पॅकेज, असे कागद वस्तीत फिरतात. एवढ्या वस्तू तपासल्या की काही ना काही पॉझिटिव्ह येतंच, आणि मग वरण-वांगं सगळं बंद. अन्नाच्या आयजीजी नावाच्या चाचणीने ॲलर्जी कळत नाही. नुसतं 'टोटल आयजीई' वाढलेलं म्हणजेही ॲलर्जी नव्हे. पोटात जंत असले तरी ते वाढतं, आणि आपल्या मुलांत जंत कमी नाहीत. ज्यांना गोळ्या बंद ठेवता येत नाहीत किंवा कातडीचा आजार आहे, त्यांच्यासाठी डॉक्टरने निवडलेल्या मोजक्या वस्तूंची रक्तचाचणी ठीक असते.

"एका सुईत सर्दी गायब" असं कोणी म्हणालं तर ती सुई बहुधा स्टेरॉइडची असते. वारंवार घेतली तर शुगर, बीपी, हाडं, सगळ्यावर येते.

रिपोर्टनंतर काय

मावशीचं सांगते. दुर्बिणीने पाहिलं तर नाकात पू नव्हता, पॉलिप नव्हते, अस्तर सुजलेलं होतं. डॉक्टरांनी ड्रॉप सोडवले आणि स्टेरॉइडचा स्प्रे दिला. चाचणीत धुळीतल्या किड्यांची मोठी गांधी उठली, झुरळाची मध्यम, काँग्रेस गवताची लहान. सोयाबीनच्या धुळीचा थेंब त्या पेटीत नव्हताच, म्हणून तो प्रश्न उघडाच आहे. ऑपरेशनची गरज सध्या नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. कर्ज टळलं.

पण "धुळीपासून दूर राहा" हा सल्ला ऐकून ती हसली. "मंग खाऊ काय?" तिचं बरोबर आहे. धूळ सोडता येत नाही, तेव्हा जमेल तेवढी कमी करायची. आम्ही मिळून हे ठरवलं:

• गोधडी-चादर आठवड्याला गरम पाण्यात धुवायची, गादी-उशी कडक उन्हात टाकायची. झटकायचं काम घरातल्या दुसऱ्याने करायचं.
• झाडण्याआधी पाणी शिंपडायचं किंवा ओल्या फडक्याने पुसायचं.
• कूलरचं गवत दर उन्हाळ्यात बदलायचं, टाकी आठवड्याला धुवायची, खिडकी उघडी ठेवायची.
• बंद खोलीत अगरबत्तीचा धूर कोंडू द्यायचा नाही.
• थ्रेशरवर दुपट्ट्याऐवजी एन-९५ मास्क. दुपट्ट्याने कचरा अडतो, बारीक धूळ अडत नाही. मास्क मालकाकडून सगळ्या बायांनी मिळून मागायचा.
• घरी आल्यावर कपडे बदलायचे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं. एक ग्लास पाणी उकळून कोमट करायचं, त्यात सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ. नळाचं कच्चं पाणी नाकात घ्यायचं नाही.
• स्प्रे रोज मारायचा. मान थोडी खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्याने उजव्या, टोक कानाच्या दिशेला. जोरात ओढायचं नाही. पूर्ण असर यायला आठ-पंधरा दिवस लागतात, म्हणून चौथ्या दिवशी सोडू नका.

नेमकी ॲलर्जी कळली आणि औषधांनी भागत नसेल तर त्याच वस्तूची लस देता येते. ती तीन ते पाच वर्षं चालते आणि खर्चिक असते. डॉक्टरांशी नीट बोलूनच सुरू करा, मध्येच सोडली तर पैसा वाया जातो.

इथे थांबू नका

डोळा सुजला, दोन-दोन दिसायला लागलं, नजर कमी झाली, तापासोबत असह्य डोकेदुखी, मान ताठ, शुगरच्या रुग्णाच्या नाकात काळी खपली किंवा गाल बधिर, एकाच बाजूने रक्त किंवा घाण, श्वास लागणं. यात चाचणीची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं. २०२१ मध्ये कोरोनानंतर काळ्या बुरशीने आपल्या भागातल्या कितीतरी जणांचे डोळे आणि जबडे गेले, ते विसरू नका.

मावशीला यंदा सोंगणीत त्रास झाला, पण रात्री झोप लागली. ती बरी झाली असं मी म्हणणार नाही, आजार ताब्यात आहे एवढंच. तिच्या वहीत आता महिना, काम आणि शिंका असे तीन रकाने आहेत. पुढच्या रविवारी बैठकीला येताना ज्यांना बारमाही सर्दी आहे त्यांनी अशीच वही आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या. आणि काँग्रेस गवताला फुलं येण्याआधी विहारामागचा प्लॉट साफ करायचा आहे. हातमोजे आणि मास्क घालूनच यायचं. ज्यांना दमा आहे त्यांनी त्या दिवशी चहा करायचा.

जय भीम.